वगळलेली टेस्ट

सकाळी ऑफिसात टेकते न टेकते तोच मावशीचा फोन. "अगं, डायलिसिसला आलेय, तर आज माझा नंबरच नाही म्हणतात. ती बाई नुसती कॉम्प्युटरकडे बोट दाखवते."

त्या दवाखान्यातलं सॉफ्टवेअर आमचं. मावशीनं कालचा नंबर आजवर ढकलून घेतला होता. असा नंबर बदलला की जुना पुसला जाऊन नवा लागायला हवा. नवा लागलाच नाही तर बोंब मारायला मी एक टेस्ट लिहून ठेवली होती, कोडला हात लावला की आपोआप चालणारी. ती फसली की आमच्या भिंतीवरचा दिवा लाल होतो.

वर बघितलं. दिवा हिरवागार!

टेस्ट उघडली, तर माथ्यावर शेरा: 'सध्या वगळा'. म्हणजे ती चालवलीच जात नव्हती. खाली साहेबांचं नाव. ऑफिसात त्यांना सगळे 'उद्या बघू' म्हणतात, ते काही उगाच नाही.

मावशीला होल्डवर ठेवून, फोन हातात धरूनच तरातरा त्यांच्या केबिनमध्ये शिरले. "माझी टेस्ट तुम्ही बंद केलीत?"

"अगं, सारखी फसत होती ती. त्यामुळे सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती अडकून पडली होती."

"फसणारच! कोड चुकलाय म्हणून फसत होती! राखणीचं कुत्रं भुंकलं म्हणून तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत?"

"तू फार मनाला लावून घेतेस. एखाद्याच पेशंटचं झालं असेल. हातानं दुरुस्त करून टाकू."

एखाद्याच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी माझी मावशी तिकडे सुजलेले पाय घेऊन बाकावर बसलीय, आणि हा माणूस आरामात कॉफी ढवळतोय! लाज कशी वाटत नाही?

होल्ड काढून स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या पुढ्यात आपटला. "मावशी, आमचे साहेब आहेत. त्यांनाच विचार."

तिला बिचारीला वाटलं, कुणी मोठा माणूस मदतीला आला. केवढ्या अदबीनं बोलली! "नमस्कार हो साहेब. कालचंही राहिलंय माझं, आणि आज सगळी मशीन भरलीत म्हणतात. जरा दम लागतोय मला. थांबू, की घरी जाऊ?"

साहेबांनी तोंड उघडलं. नेहमीचे ते दोन शब्द काही बाहेर पडेनात.

"हॅलो?" मावशी म्हणाली. "साहेब, आहात ना?"