फॅरागरचं वळण

एडगर फॅरागर मास्तरांना दोन गोष्टींची मनापासून चीड होती. आमच्या बालाक्रेगच्या रस्त्यावरचे खड्डे, आणि दर सप्टेंबरात अख्ख्या मॅन बेटावर धुडगूस घालणारी मोटारींची रॅली. खड्ड्यांबद्दल ते राजधानी डग्लसमधल्या साहेबलोकांना पत्रं लिहायचे, रॅलीबद्दल वर्तमानपत्राला. दोन्ही पत्रं टाइप करायचं काम माझं, कारण मास्तर आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावाच्या, समितीचे अध्यक्ष आणि मी चिटणीस. पहिल्या पत्राला अकरा वर्षं एकच उत्तर येत होतं, 'विषय विचाराधीन आहे'. दुसरं छापून यायचं आणि लोक त्यात मासे गुंडाळायचे.

रस्ता खरंच वाईट होता. पोस्टमन टेडीची सायकल एका खड्ड्यात गेली तेव्हा त्याचा पुढचा दात तिथेच राहिला. दाई चॅपलपाशी गाडी लावून पुढे चालत जायची, आणि बालाक्रेगमधली निम्मी मुलं तिची वाट न पाहता जन्माला यायची.

जानेवारीतली बैठक मास्तरांच्या घरी होती. त्यांची धाकटी बहीण कॅलिब्रिड चहा आणि मनुकांचा पाव घेऊन आली. मास्तर अविवाहित, ती विधवा, घर दोघांचं. आम्ही बारावं पत्र लिहीत होतो. ती कप मांडता मांडता म्हणाली, "चुकीच्या माणसांना लिहिताय तुम्ही."

"म्हणजे?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पलीकडच्या क्रॉंक मोअरच्या रस्त्याला डांबर कधी पडलं? ज्या वर्षी रॅली तिथून गेली त्या वर्षी. रॅलीवाल्यांना लिही, आमच्याकडून या म्हणून."

समितीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दर रविवारी चॅपलमध्ये प्रवचन करत, आणि वर्षातली निदान चार तरी वेगाच्या पापावर असत.

"म्हणजे मी आता सैतानाकडे डांबर मागू?"

"त्याच्याकडे असतं की, एडगर. भरपूर."

शेवटी रॅलीवाल्यांचं पत्र सांगताना मास्तर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'आपल्या उपक्रमाचा आम्ही तीव्र निषेध करतो आणि तो आमच्या रस्त्याने जावा अशी विनंती करतो.' पहिला अर्धा भाग मी टाइप करायला विसरले.

आठवड्याभरात रॅली समितीचे अध्यक्ष स्टॅन्ली मिलरॉय स्वतः आले. रॅम्सी गावात यांचं गॅरेज. माणूस पोटाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. चॅपलपाशी रस्ता उतारावरून येतो, भिंतीला घासून डावीकडे वळतो आणि श्वास घ्यायच्या आत उजवीकडे. मिलरॉय तिथे गाडीतून उतरले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मास्तरांना वाटलं, चॅपलला मान दिला.

"काय वळण आहे मास्तर! असं वळण अख्ख्या बेटावर नाही. नाव काय याचं?"

"नाव नाही काही."

"अहो, नावाशिवाय कसं चालेल? नकाशावर घालायचंय. तुम्ही पत्र लिहिलंत, तर आपण फॅरागरचं वळण म्हणू."

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. एवढ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही आपल्या कुत्र्याला त्यांचं नाव दिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. तेव्हाच मला जरा धास्ती वाटली.

एप्रिलमध्ये डांबर आलं. काळंभोर, गुळगुळीत. म्हातारे केव्ली बूट हातात घेऊन नुसत्या मोज्यांवर पाऊण मैल चालत गेले आणि तसेच परत आले. पण शर्यतीची हद्द जिथे संपत होती, डांबरही नेमकं तिथेच संपलं. शाळा, दाई चालत जायची ती घरं आणि केव्लींचं शेत त्याच्या पलीकडे. तिकडे कोणी शर्यत लावणार नव्हतं.

"मास्तर, पुढच्या तुकड्यासाठी पत्र घालायचं ना?" मी विचारलं.

"घालू, घालू. आधी इकडे ये. हे बघ, माणूस वळणात फार लवकर शिरतो. तिथेच सगळं बिघडतं."

मास्तर चॅपलच्या भिंतीवर बसले होते. हातात शाळेच्या खेळांसाठी घेतलेलं जुनं सेकंदांचं घड्याळ, मांडीवर वही. त्यात दूधवाला, टेडी, पाद्रीबाबा, सगळ्यांच्या वेळा. "दूधवाला आज दोन सेकंदांनी सुधारला," ते म्हणाले. चांगल्या विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसा आवाज होता. त्या रविवारी प्रवचनाचा विषय होता अरुंद वाट. "अरुंद वाटेत शिरताना वेग आवरावा," मास्तरांनी व्यासपीठावरून सांगितलं, "आणि बाहेर पडताना वाढवावा." दुसरं वाक्य बायबलात कुठे आहे ते कोणालाच आठवेना.

जूनमध्ये मिलरॉय पुन्हा आले. रॅलीत जुन्या गाड्यांचा एक वर्ग होता. तो खऱ्या शर्यतीच्या आधी दोन तास निघायचा. त्यात वेगाला किंमत नाही. प्रत्येक टप्पा ठरलेल्या वेळेतच पार करायचा, उशीर झाला तरी गुण जाणार, लवकर पोचलं तरी जाणार. "मास्तर, तुम्ही उतरा यात. वर्तमानपत्रवाले धावत येतील. प्रवचनकार रॅलीत!"

मास्तरांनी दोन दिवस विचार केल्याचं दाखवलं. मग म्हणाले, "हा वेग नव्हे. ही शिस्त आहे."

एकच अडचण होती. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती.

"मी चालवते," कॅलिब्रिड म्हणाली. युद्धाच्या काळात तिने रुग्णवाहिका चालवली होती. आता तिच्याकडे एक जुनी हिरवी मॉरिस गाडी होती, आणि ती तिने वीस वर्षांत चॅपल आणि बाजार याखेरीज कुठे नेली नव्हती. "तू शेजारी बसून वाट सांग. बोलणं तुला जमतंच."

रॅलीच्या दिवशी नऊ वाजता रस्ता बंद झाला. सगळं बालाक्रेग बांधांवर आणि भिंतींवर चढून बसलं होतं. मास्तरांचं रॅलीविरुद्धचं पत्र छापून आलं होतं तेव्हा ज्यांनी माना डोलावल्या होत्या, तेच आज घोंगड्या अंथरून पहिल्या रांगेत. वळणावर वेळा टिपायला मी होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं.

आधीच्या दोन टप्प्यांत काय झालं ते नंतर कळलं. पहिल्या टप्प्यात दोघं चाळीस सेकंद लवकर पोचली, दुसऱ्यात सव्वा मिनिट. मास्तरांनी दोन्ही चुका वहीत लाल शाईने लिहिल्या आणि वाटेत मोठ्याने वाचून दाखवल्या.

"कॅलिब्रिड, ही शर्यत नव्हे!"

"मग बांधावर बसलेली माणसं काय ऐकायला आलीयत, प्रवचन?"

आमच्या उतारावर मॉरिस दिसली तेव्हा बालाक्रेगने टाळ्यांचा कडकडाट केला. गाडी टाळ्यांच्या पुढे होती. या वळणासाठी मास्तरांनी सूचनांच्या अकरा ओळी लिहून आणल्या होत्या. चौथी ओळ चालू असताना वळण आलं. चाकं किंचाळली, गाडी अर्धी फिरली आणि चॅपलच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आडवी थांबली. काचा उघड्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

"माझं वाचून झालं नव्हतं!"

"वळण संपलं, एडगर!"

"हे माझं वळण आहे. यातून कसं जायचं ते मी सांगणार!"

"लहानपणापासून तूच सांगतोयस. बूट कसे बांधायचे, लग्न कोणाशी करायचं, पाव कसा कापायचा. उतर."

"काय?"

"उतर खाली. तुझं वळण आहे ना? मग राहा त्यात."

मास्तर उतरले. डोक्यावर उसनं हेल्मेट, हातात वही, गळ्यात घड्याळ. कॅलिब्रिडने दार ओढून घेतलं, गाडी चढावर तीसेक यार्ड मागे नेली, आणि मग ती आली. डावीकडे भिंतीला जवळजवळ शिवून, उजवीकडे गवताची पाती उडवत, मॉरिसच्या इंजिनातून आजवर कोणी न ऐकलेला आवाज काढत ती गेली. टेडीने अशी शिट्टी मारली की शेतातल्या मेंढ्या पळाल्या.

मागची गाडी मिनिटभरावर होती आणि मास्तर अजून रस्त्यात उभे. "मास्तर, वर या!" मी ओरडले. केव्लींनी एक हात धरला, मी दुसरा, आणि त्यांना भिंतीवर ओढून घेतलं. बसल्यावर त्यांनी गळ्यातलं घड्याळ पाहिलं. सवयीने त्यांनी ते दाबलं होतं.

"एकोणीस सेकंद," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "दूधवाल्याला चोवीस लागतात."

शेवटच्या रेघेवर कॅलिब्रिड एकटीच पोचली, सहा मिनिटं लवकर. नियमाप्रमाणे गाडीत दोघं हवीत, म्हणून ती बाद. मिलरॉयनी हे तिला फार हळहळून सांगितलं. तिने विचारलं, पुढच्या वर्षीचे अर्ज कधी मिळतात?

संध्याकाळी मी वळणावर गाडीतून उडालेला तिचा स्कार्फ द्यायला घरी गेले. धुरात सुकवलेले किपर मासे तळल्याचा वास येत होता. दोघं टेबलाशी समोरासमोर बसून जेवत होती. मला चहा ओतून झाला तेव्हा मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "उजवीकडे तू जरा उशिरा वळलीस."

कॅलिब्रिडचा काटा थांबला. "हो का?"

"हो." त्यांनी माशाचा काटा नीट बाजूला काढला. "मी लवकर लिहिलं होतं. माझं चुकलं."

तिने काटा खाली ठेवला. उठून त्यांच्या ताटात आणखी एक मासा वाढला, मोठा.

शाळेकडच्या तुकड्यासाठी मास्तरांनी त्या हिवाळ्यात तीन पत्रं घातली. विषय विचाराधीन आहे. पुढच्या सप्टेंबरात कॅलिब्रिड पुन्हा उतरली. या वेळी तिच्या शेजारी मी बसले. मी वाटेत फारसं बोलत नाही. पुढे वळण दिसलं की हाताने डावी-उजवी दाखवते, बाकी घट्ट धरून बसते. आमचा अकरावा नंबर आला.