खंडोबा जहाजाने आला

परदेशात, गिरावीन उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरामागे कढीपत्ता लावायला माझ्या सासूबाईंनी खड्डा खणला, आणि त्यातून गंजलेला डबा निघाला. आत काळवंडलेली चांदीची नाणी आणि एकच सोन्याचं, वर भोक पाडलेलं. त्यावर एक वीर पायाखालच्या राक्षसाला भाला खुपसत होता.

"विनीता, खंडोबा!" आई ओरडल्या.

घरचे टाक थोरल्या जाऊबाईंकडे साताऱ्याला गेल्यापासून आई देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघून उसासे टाकत. त्या उसाशांचा मला भारी वैताग यायचा.

"आई, याला पंख आहेत."

"उपरणं उडतंय ते."

"आणि घोडा?"

त्यांनी नाणं उलटलं. मागे जहाज होतं. "घोडा समुद्रातून येईल का गं? जहाजाने आला माझा देव."

आता बोला! नाणं देव्हाऱ्यात बसलं.

माझा नवरा हृषिकेश पॅरामॅटाला एका जाणकाराला फोटो दाखवून आला. "आई, इंग्रजांच्या ट्यूडर राजांच्या काळातलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे हे. वर देवदूत आहे, मायकल. आजार जावा म्हणून लोक गळ्यात घालायचे."

"मग देवच की!" म्हणत आईंनी मायकलवर आणखी चिमूटभर भंडारा उधळला.

पण डबा निघाला घरमालकीण मार्गारेटच्या वडिलांचा. आम्ही कळवल्यावर ती आली आणि नाणं बघून रडायलाच लागली. "डॅडचा बँकेवर विश्वास नव्हता. मरेपर्यंत सांगितलं नाही कुठे पुरलंय ते."

बापाची आठवण कोण अडवणार? आईंनी नारळ फोडला, नाणं तिच्या तळहातावर ठेवलं आणि हृषिकेशला दुभाषा करून तिला बजावलं, "रविवारी हळद वाहायची. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, विसरायचं नाही." हृषिकेशने तिच्या फोनमध्ये तारीख घालून दिली.

"नो वरीज," मार्गारेट म्हणाली.

दार लागलं तशा आई पदर डोळ्यांना लावून बसल्या. इतकी वर्षं वैतागलेली मी, पण त्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

चंपाषष्ठीला सकाळी बेल वाजली. दारात मार्गारेट, एका हातात मखमली डबी, दुसऱ्या हातात हे एवढं वांगं.

"मला भरीत जमेना," ती ओशाळून म्हणाली. "म्हणून त्यालाच इकडे जेवायला घेऊन आले. दरवर्षी आणलं तर चालेल?"

आईंनी आधी देवाला आत घेतलं, मग वांग्याला, आणि मग मार्गारेटला.