उकडलेली शेंग का भाजलेली

हिरेवाडीत फुटबॉल खेळतात, हे आजूबाजूच्या गावांना खरं वाटत नसे. सगळीकडं कुस्ती, नाहीतर कबड्डी. हिरेवाडीत मात्र निजामाच्या काळात हैदराबादेहून आलेल्या एका ड्रिल मास्तरानं चामड्याचा चेंडू आणला. मास्तर बदलून गेला, चेंडू राहिला.

तेव्हा पिराजी दहा वर्षांचा होता. लहानपणी झाडावरून पडून त्याचा उजवा पाय वाकडा बसला होता, त्यामुळं त्याला खेळता आलं नाही. पुढं तो त्याच शाळेत शिपाई झाला. चेंडू, हवा भरायचा पंप आणि वादी ओवायचा दाभण शाळेच्या कपाटात असत, आणि कपाटाची किल्ली पिराजीच्या करगोट्याला. गावातला एकही सामना त्यानं चुकवला नाही.

सामना बघायला तो एकटा कधी जात नसे. बायको मालनबाई बरोबर असे. बाया मैदानावर येत नसत, पण मालनबाई येई. शाळेच्या भिंतीला लागून एक लांब दगड होता, त्यावर दोघं बसत. तिच्या पदरात उकडलेल्या शेंगा असत. पिराजीची नजर चेंडूवरून हलत नसे, म्हणून ती शेंग फोडी आणि दाणे त्याच्या तळहातावर ठेवी. तो न बघता तोंडात टाकी.

दोघांचं एकाच गोष्टीवरून भांडण होई. पिराजीला व्यंकटचं वेड. व्यंकट पुढं खेळायचा. चेंडू घेऊन निघाला की समोरचे दोघं-तिघं नुसते वळून बघत राहायचे. मालनबाईला कौतुक गुरुलिंगचं. तो गोलात उभा राहायचा.

"गोल केल्याबिगर जिंकतंय का कुणी?" पिराजी म्हणे.

"आन खाल्ल्याबिगर हरतंय का कुणी?" मालनबाई म्हणे. "तुमचा व्यंकट वाऱ्यासारका हाय. आज हितं, उद्या कुटं. गुरुलिंग जाग्यावरनं हलत न्हाय बगा."

शहाऐंशीच्या चैत्रात मालनबाईला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यावर्षी विहिरीला पाणी नव्हतं. दहाव्याला लागणारं पाणीसुद्धा शेजाऱ्यांनी घागर-घागर आणून दिलं.

त्यानंतर पिराजीजवळ काम म्हणून एकच उरलं. शाळा सुटली की तो घरी येई, चूल पेटवी, भाकरी थापता थापता मनात संघ लावी. पुढं व्यंकट. मागं दोन म्हातारे चालतील. दिवाळीनंतर मुरुमला ढालीचे सामने होत. आठ वर्षं हिरेवाडी दुसऱ्या फेरीच्या पुढं गेली नव्हती. यंदा जाईल असं त्याला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगता आलं नसतं. काहीतरी व्हावं, एवढंच होतं. विचार करता करता भाकरी करपे आणि तो ती तशीच खाई.

भादव्यात कारखान्याची जीप आली. आठ मैलांवर नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता आणि पहिला बॉयलर दसऱ्याला पेटणार होता. जीपमधून नानासाहेब उतरले. हे कारखान्याचे लेबर ऑफिसर, उंच, पांढऱ्या बुटांचे. चेअरमनला कारखान्याचा फुटबॉल संघ हवा होता, आणि सगळ्या सभासद गावांत फुटबॉल फक्त हिरेवाडीत.

"तुमचे चांगले गडी द्या," नानासाहेब म्हणाले. "हंगामी कामावर घेतो. काम बरं केलं तर पुढं कायम. पण खेळायचं कारखान्याकडून."

सगळे खेळाडू रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होते. कुणी नाही म्हणालं नाही. कुणी व्हयही म्हणालं नाही. सगळे महालिंगप्पाकडं बघू लागले. महालिंगप्पा संघाचा कप्तान, पेठेत त्याचं किराणा दुकान.

महालिंगप्पानं डोकं खाजवलं. "सायब, निवडून न्हेलाव तर मागं राह्यलेल्याचं तोंड कुणी बघायचं? आमच्यात भिडू मागायची रीत हाय. त्या रीतीनं न्ह्या. आर्धे तुमचे, आर्धे आमचे."

ही रीत अशी. गावातल्या गावात दोन बाजू करायच्या तर सारख्या ताकदीचे दोन-दोन गडी जोडी करून बाजूला जात आणि आपसांत दोन नावं घेत. एक बैलगाडी, एक मोटार. एक तूर, एक हरभरा. मग कप्तानासमोर येऊन विचारत, काय पाहिजे? कप्तान जे मागेल तो गडी त्याचा. उरलेला दुसऱ्या बाजूचा. मागाहून कुणी नाव फिरवू नये म्हणून जोडी आधी एका साक्षीदाराच्या कानात आपापलं नाव सांगून येई. बावीस वर्षं हा साक्षीदार पिराजी होता. तो कधी चुकला नव्हता आणि त्याच्या शब्दावर कधी कुणी बोललं नव्हतं. फक्त मालनबाई म्हणे, "तोंड भिताडाकडं करून बसा. तुमच्या तोंडावर समदं दिसतंय." म्हणून तो भिडू मागताना भिंतीकडं तोंड करून बसे.

नानासाहेबांना गंमत वाटली. "चालेल," ते म्हणाले. "आठ जोड्या ना? आठ माझे."

रविवारी सकाळी सगळे शाळेच्या मैदानावर जमले. जमिनीला हातभर खोल भेगा होत्या, त्यात खडी भरून मैदान सारखं केलं होतं. पिराजी दगडावर भिंतीकडं तोंड करून बसला, नेहमीसारखा डावीकडं सरकून. उजवीकडची जागा मोकळी राहिली.

सात जोड्या झाल्या. नानासाहेबांनी तुळजापूरचं कुंकू मागितलं, अणदूरचा भंडारा राहिला. मोटार मागितली, बैलगाडी राहिली. मोटारवाल्यानं उडी मारली. बैलगाडीवाला हसला आणि मैदानाच्या कडेला जाऊन खडे वेचत बसला.

आठवी जोडी व्यंकट आणि गुरुलिंगची. त्यांच्या तोडीचा दुसरा कुणी नव्हता, म्हणून नेहमी तेच एकमेकांच्या जोडीला असत. दोघं आले आणि पिराजीच्या दोन बाजूंना वाकले. इतर वेळी पिराजी म्हणे, एकेकानं सांगा रे. आज तो म्हणायचं विसरला.

"उकडलेली शेंग," एका कानात आलं.

मालनकाकूची आठवण म्हणून पोरांनी ही नावं घेतली होती, हे त्याला पुढं कळलं. त्या वेळी एवढंच झालं की त्याची मान उजवीकडं वळली, मोकळ्या दगडाकडं. तळहात आपोआप उघडला. दुसऱ्या कानात काहीतरी आलं, भाजलेली असणार. तो भानावर आला तोवर दोघं उठून गेले होते. उकडलेली कोणत्या कानात आली? डाव्या बाजूला कोण वाकलं होतं? त्याला काही म्हणता काही आठवेना.

परत बोलवावं. बोलवावं, असं तो मनात म्हणत असतानाच व्यंकटचा आवाज आला.

"बोला सायब, उकडलेली शेंग का भाजलेली?"

"उकडलेली," नानासाहेब हसून म्हणाले.

"म्या!" व्यंकट म्हणाला.

"म्या!" गुरुलिंग म्हणाला.

दोघंही एकदम. आधी हशा पिकला. मग लोकांच्या लक्षात आलं की ही गंमत नाही. दोघंही हसत नव्हते.

"व्यंकट, लाज धर जरा," गुरुलिंग म्हणाला.

"मला काय लाज सांगलालास? घरी दोन लेकरं हायती मला. खोटं कशाला बोलू?"

"मला आई न्हाय व्हय?"

"तुज्या भावाचं मुरुमला दुकान हाय. माजं काय हाय?"

नानासाहेबांनी घड्याळ बघितलं. "हे असलं असेल तर रीत राहू द्या. मी सरळ बोट दाखवतो. मला हा व्यंकट—"

"थांबा सायब," महालिंगप्पा म्हणाला. "साक्षीदार हाय की. तात्या, वळा हिकडं. उकडलेली कोण?"

पिराजी वळला. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. मला आठवत नाही, असं म्हटलं तर काय होईल ते त्यानं नुकतंच ऐकलं होतं. साहेब बोट दाखवून व्यंकटला नेणार. पुढं कुणी नाही. मुरुम नाही. दिवाळीपर्यंत चुलीपुढं बसून विचार करायलासुद्धा काही नाही.

"गुरुलिंग," पिराजी म्हणाला. "उकडलेली गुरुलिंग."

तात्या म्हणाला म्हणजे झालं. गुरुलिंग खाली वाकून नानासाहेबांच्या पाया पडला. व्यंकट जागचा हलला नाही. तो पिराजीच्या तोंडाकडं बघत होता, बराच वेळ. पिराजीला वाटलं, असं फक्त मालनबाई बघायची. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

चार रात्री पिराजीला झोप नव्हती. आपण खोटं बोललो का, हेही त्याला ठरवता येत नव्हतं. खोटं बोलायला आधी खरं माहीत लागतं. त्याला माहीतच नव्हतं. पण नाव कोणतं घ्यायचं ते तोंडानं कसं ठरवलं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पाचव्या दिवशी तो उठला, कपाट उघडलं, चेंडूत हवा भरली. निदान व्यंकट राहिला होता. संध्याकाळी सराव ठेवावा, असं सांगायला तो व्यंकटच्या घरी गेला.

दाराला कडी होती. शेजारची पुतळाबाई म्हणाली, "आत्ताच मोटारीला गेला की. पुण्याला. मेव्हणा बांधकामावर हाय तिकडं. बायको लेकरं संगट घिऊन गेला."

वाकड्या पायानं जमेल तेवढं पळत पिराजी फाट्यावर गेला. लाल मोटार उभी होती. व्यंकट टपावर पत्र्याची पेटी चढवत होता.

"व्यंकट, दिवाळीला येशील न्हवं? मुरुमला ढाल हाय."

"काय माहीत तात्या."

"आरं, चार दिस तरी ये. तुज्याबिगर..."

व्यंकट शिडीवरून खाली उतरला. हात झटकले. "कामावर घेतलं आस्तं तर आठ मैलावरच हुतो तात्या. रोज दिसलो आस्तो तुमाला. समोरच्या बाजूनं का हुईना."

पिराजीनं त्याचा दंड धरला. "येक सांग. उकडलेली तू हुतास का?"

व्यंकटनं त्याच्याकडं बघितलं. त्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग त्यानं हळूच दंड सोडवून घेतला.

"तुमी सांगितलं की तात्या. आता मला काय इचारताव?"

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून व्यंकटच्या धाकट्या लेकरानं हात हलवला. पिराजीनंही हलवला. दुसरं काय करणार?

दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटला आणि तिसऱ्या दिवशी कारखान्याचा संघ हिरेवाडीच्या मैदानावर सरावाचा सामना खेळायला आला. आठ हिरेवाडीचे गडी आणि ऑफिसातले तीन बाबू. सगळ्यांच्या अंगात निळे बनियन. हिरेवाडीकडून राहिलेले सात आणि तीन म्हातारे. महालिंगप्पा स्वतः गोलात उभा राहिला, धोतर खोचून.

"तात्या, प्रार्थना करा," तो ओरडला. "माज्या अंगावर चेंडू आला तर म्या बाजूला हुनार हाय!"

लोक हसले. पिराजी दगडावर बसला होता, डावीकडं सरकून. संघ दोन फेऱ्या तरी काढेल का, असा विचार त्यानं करून बघितला. जमला नाही. गोलात निळं बनियन घालून गुरुलिंग उभा होता. पहिल्या अर्ध्या वेळात हिरेवाडीचे तीन चेंडू त्यानं अडवले. जागेवरून फारसा न हलता. गुरुलिंग राहिला असता तर काम नाही म्हणून गाव सोडून गेला नसता. आई होती, भावाचं दुकान होतं. आज त्या बाजूच्या गोलात महालिंगप्पाच्या जागी तो असता. मालनबाई किती वर्षं तेच सांगत होती. तुझंच खरं, असं म्हणायला पिराजी आता तयार होता.

मध्यंतरात गुरुलिंग त्याच्याकडं आला. घामानं भिजलेला. हातात कागदाची पुडी.

"तात्या, आईनं दिल्यात. मुरुमच्या बाजारातनं आणल्या. हितं कुठं पिकल्यात यंदा?"

पुडीत उकडलेल्या शेंगा होत्या. अजून कोमट.

"बस जरा," पिराजी म्हणाला. गुरुलिंग मोकळ्या जागेवर बसला नाही, खाली मातीत बसला. पिराजीनं पुडीकडं बघत विचारलं, "त्या दिवशी तू कोणची शेंग हुतास रे?"

गुरुलिंगनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"आता असं का इचारताव तात्या? तुमी सांगितली तीच की."

एवढं म्हणून तो उठला आणि पळत मैदानात गेला. शिट्टी वाजली. पिराजीनं तळहात उघडा धरला आणि मैदानाकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की हात रिकामाच आहे. त्यानं पुडीतली एक शेंग घेतली. न बघता फोडायला गेला तर टरफलातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि दाणा निसटून मातीत पडला. मग त्यानं मान खाली घातली, दुसरी शेंग घेतली आणि नखानं नीट उघडू लागला.

मैदानावर एकदम आरडाओरडा झाला. पिराजीनं वर बघितलं. चेंडू गोलाच्या खांबांपलीकडं बाभळीखाली पडला होता आणि निळे बनियन एकमेकांच्या गळ्यात पडत होते. गोल कसा झाला, कुणी मारला, महालिंगप्पा खरंच बाजूला झाला का, काही त्याला दिसलं नव्हतं. विचारायला त्यानं उजवीकडं तोंड वळवलं.

मग त्यानं पुन्हा मान खाली घातली आणि हातातली अर्धी राहिलेली शेंग फोडली.