कुंकवाच्या काचा

"पुसू नका, मामा. हात लावू नका," वेणू म्हणाली, तेव्हा महादेवमामांचा रुमाल काचेला टेकायचाच बाकी होता.

पनवेलच्या त्या कॉलेजात खंडेनवमी हौसेने होते. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच प्रयोगशाळेतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात. महादेवमामा नेरे गावचे, इथले जुने शिपाई. त्यांच्या पूजेतून काही सुटत नाही. त्यांनी भट्टीला कुंकू लावलं, वजनकाट्याला लावलं आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या तीन काचांनाही ओल्या हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलं.

त्या काचांवर वेणू घरतने झिंक ऑक्साईडचा थर चढवला होता, जरासं तांबं मिसळून. तापपट्टीवर तापलेल्या काचेवर द्रावण फवारलं की पाणी उडून जातं आणि थर मागे राहतो, केसाहून कितीतरी पातळ. हवेत अमोनिया आला की त्या थरातून जाणारी वीज बदलते. नवा थर हे करतोच. वर्षभराने करतो का, हा वेणूच्या पीएचडीचा प्रश्न होता, आणि आज वर्ष पूर्ण झालं होतं. दुपारी मोजायचं म्हणून तिने सकाळीच काचा डब्यातून काढल्या होत्या. आता पुसल्या तरी थर जाणार, धुतल्या तरी जाणार, आणि तशाच मोजल्या तर आकडा कुंकवाचा येणार.

"वर्सभर जपल्यास ना बाय," मामा म्हणाले. "मना वाटलं, हिच्या पोरींना टिळा नाय लावला तं बरं दिसंल काय?"

वेणूला रडू आलं आणि मामांवर ओरडावंसंही वाटलं. पण काचा उघड्या टाकून चहाला गेलेली तीच होती.

तिचे मार्गदर्शक सबनीस सर आले, काचा बघितल्या आणि दार लावून घेतलं.

"अकराव्या महिन्याचं रीडिंग आहे ना? त्यातून थोडं कमी कर आणि बारावा भर. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"वेणू, थिसिस डिसेंबरात गेला नाही तर इथली प्राध्यापकाची कायमची पोस्ट दुसऱ्याला जाईल. इतकी वर्षं तासिकांवर काढलीस. अजून काढणार?"

ती पोस्ट तिला हवी होती, अगदी पोटातून हवी होती. स्टाफरूममधलं कपाटसुद्धा तिने मनात धरून ठेवलं होतं.

"माझा भाऊ शीतगृहात रात्रपाळी करतो, सर. उद्या तिथे अमोनियाची गळती कळायला असली काच बसवली आणि वर्षाने ती गप्प झाली, तर?"

"अगं, हा नुसता थिसिस आहे. कोण बसवतंय?"

"मग खोटं तरी कशाला लिहायचं?"

सर चिडले. "ठीक आहे. महादेवला मेमो देतो. निदान उशिराचं कारण तरी कागदावर राहील."

"कारण मी लिहीन. काचा मी उघड्या ठेवल्या. मामांचं नाव आलं तर मी प्राचार्यांकडे जाईन, आणि तुम्ही आत्ता काय सुचवलंत तेही सांगेन."

"सणाच्या दिवशी तरी जरा नीट बोलावं माणसाने," असं पुटपुटत सर गेले.

वेणूने घरी फोन लावला. तिच्या आईने, हौसाने, उलव्यात अर्ध्या आळीला पीएचडीचे पेढे कबूल केले होते.

"आये, यंदा नाय व्हत."

"मंग कवा?"

"पुढल्या दसऱ्याला. कायमची नोकरी बी जाईल बहुतेक."

"लोकां इचारतील तं काय सांगू?"

"सांग, पोरगी नापास नाय झाली. परत करतंय म्हन."

"बरं. जेवलीस काय?"

वेणूने तापपट्टीवरची झेंडूची माळ काढून खिडकीच्या गजाला अडकवली आणि नव्या काचा धुवायला घेतल्या. मामा दारातच थांबले.

"बाय, पूजा झाल्याव यंत्र चालवत नाय आज."

"मी आजच चालवणार, मामा."

मामांनी एकदा माळेकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग कुंकवाची वाटी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तापपट्टीचं बटण त्यांनीच दाबलं.

वेणूने नव्या तिन्ही काचांच्या कोपऱ्यात आजची तारीख कोरली. फवारा सुरू झाला. थर हळूहळू चढला, काचा निवल्या. तिने त्या डब्यात ठेवल्या, कुंकवाच्या तीन काचांशेजारी, आणि झाकण घट्ट लावलं.