आईचे बूट

काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या त्या बापाला आपल्या एका युक्तीचा फार अभिमान होता. त्याची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची आणि बायकोची दुपारी दोनला, हॉस्पिटलच्या लाँड्रीत. तो सव्वाएकला घरी यायचा, ती दीडला निघायची. मधली पंधरा मिनिटं पावणेदोन वर्षांच्या टिल्लीला एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची. सुरुवातीला टिल्ली आईच्या पायाला मिठी मारून असा टाहो फोडायची, की खालच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमनकाका काय झालं म्हणून बघायला यायचे. मग बापाने डोकं लढवलं. "आईचे बूट कुठायत? आण बघू!" टिल्लीने रॅकवरून बूट आणले की तो दणदणीत टाळ्या वाजवायचा. आठवडाभरात रडणं बंद. बाबा आत आला की टिल्ली बूट आणून आईपुढे ठेवायची, टाटा करायची आणि टाळ्यांची वाट बघायची. कारखान्यात ज्याला त्याला हे सांगून बापाने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

आई रात्री परतायची तेव्हा टिल्ली झोपलेली असायची. दोघांच्या सुट्टीचे वारही वेगळे, आणि एकाची सुट्टी असली की दुसरा हमखास जादा पाळीवर. घरात एका वेळी एकच मोठं माणूस असतं, यापलीकडचं जग टिल्लीने पाहिलंच नव्हतं. हे मात्र आईबापांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

वर्षअखेरीला भट्टी दुरुस्तीसाठी पाच दिवस बंद राहणार होती. बायकोने मैत्रिणींच्या नाकदुऱ्या काढून त्यातले चार दिवस पदरात पाडून घेतले. पहिल्या सकाळी टिल्ली उठली, बाबाला शेजारी बघून हरखली, त्याच्या पोटावर बसली. मग काहीतरी आठवल्यासारखी खाली उतरली आणि आईचे बूट घेऊन आली.

"अगं, आज आईला सुट्टी आहे," आई हसत म्हणाली आणि बूट परत रॅकवर ठेवून आली.

टिल्लीने ते पुन्हा आणले. तिसऱ्यांदा ओठ काढला, चौथ्यांदा भोकाड पसरलं. दाराशी उभी राहून एकच धोशा, "आई टाटा! आई टाटा!"

शेवटी आई बूट घालून जिन्यात गेली. दार लागताच रडणं थांबलं. टिल्लीने स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि ठोकळ्यांकडे वळली.

बाप बाहेर आला तर बायको तिसऱ्या पायरीवर बसलेली. खालून काका विचारत होते, "भांडलात वाटतं? सुट्टीच्या पहिल्याच दिवशी?"

"नाही हो काका. मुलीने घराबाहेर काढलंय."

काका हसले, तीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझ्याच घरात मी जादाची झालेय," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "हा खेळ तू शिकवलास. आता तूच मोड."

बापाचा शहाणपणा चांगलाच अंगाशी आला होता. "चार दिवस आहेत ना?" तो म्हणाला. "आपण दोघं एकदम घरात असतो, हे तिच्या गळी उतरवतोच. बघ तू." तो हट्टाला पेटला की ऐकत नाही, हे बायकोला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

त्याने बूट कपाटावर लपवले. टिल्लीने रिकामा रॅक पाहिला आणि आईची पर्स ओढत आणली. पर्स लपवली, तर छत्री आणली. छत्री लपवली, तर आईचं बोट धरून तिलाच दारापर्यंत नेलं. संध्याकाळपर्यंत आई सात वेळा जिन्यात बसून आली. दुसऱ्या दिवशी बापाने आवाज चढवून पाहिला, तेव्हा मायलेकी दोघीही रडल्या.

तिसऱ्या सकाळी तो पेले धूत होता. गरम चहाचा पेला त्याने तंद्रीत गार पाण्याखाली धरला आणि तो तडकला.

"अरे, काचेत जन्म गेला तुझा!" बायको ओरडली.

तो तुकड्यांकडे बघत राहिला. भट्टीतून निघालेली बरणी ते कधी एकदम उघड्यावर ठेवत नसत. ती तासन्‌तास हळूहळू गार होऊ द्यायची. आणि पोरीला मात्र तो एका झटक्यात बदलायला निघाला होता.

त्याने बायकोला बेत सांगितला आणि बूट कपाटावरून काढून रॅकवर ठेवले. टिल्लीने ते आणले, आईने मुकाट घातले, बाहेर गेली आणि तीन मोजून लगेच आत आली. बूट काढून टिल्लीच्या हातात दिले. "ठेव बघू जागेवर!" टिल्लीने ठेवले, बापाने टाळ्या वाजवल्या. आई पाच आकडे मोजेपर्यंत त्याच्याशेजारी बसली, मग पुन्हा बाहेर. पुढच्या वेळी दहा आकडे, मग वीस. पोस्टमनकाका जिन्यात खुर्ची टाकून फेऱ्या मोजायला लागले. "एकतिसावी! अगं, टपाल वाटतानाही मी एवढ्या फेऱ्या मारल्या नाहीत!"

दुपारी आई बाबाशेजारी बसली ती बसलीच. टिल्ली रॅकपर्यंत गेली, थबकली, परत आली. तिने आईच्या नाकाला बोट लावलं, मग बाबाच्या. "आई. बाबा." पुन्हा एकदा, "आई. बाबा." खात्री झाल्यावर तिने दोघांच्या मधोमध बूड टेकलं. बायकोने नवऱ्याचा हात घट्ट दाबला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

चौथ्या दिवशी तिघांनी काहीही केलं नाही. लोळले, ठोकळे रचले, पाडले, पुन्हा लोळले.

पाचव्या दिवशी आईची पाळी सुरू होणार होती, बाबाची दुसऱ्या दिवसापासून. दीड वाजता आईने रॅकवरून बूट घेतले. टिल्ली धावत आली, तिच्या हातातून बूट ओढून घेतले, परत जागेवर ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. मग आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. कोणालाच टाळी वाजवता येईना.

"आता हे बूट हिच्याकडून कसे घेऊ?" बायकोने विचारलं.

"घेऊ नकोस. माझ्या चपला घाल आणि नीघ. उशीर होईल."

ढगळ चपला फटफटत जिना उतरल्या. टिल्लीने टाहो फोडला. कितीतरी महिन्यांत ती अशी रडली नव्हती. तिला गप्प करायला बापाचे हात सवयीने टाळीसाठी वर झाले. ते त्याने खाली घेतले.

"रड," तो म्हणाला. "आई गेली की रडू येतंच." तो दाराशी मांडी घालून बसला आणि तिचं रडणं संपेपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी साडेपाचला त्याने टिल्लीच्या एका हातात आईचा एक बूट दिला, दुसरा स्वतः घेतला आणि दोघं हॉस्पिटलकडे निघाली. सहाला लाँड्रीत पंधरा मिनिटं चहाची सुट्टी होते, हे त्याला तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जावं, असं मात्र कधी सुचलं नव्हतं. मागच्या फाटकातून बायको ओले हात पुसत बाहेर आली आणि दोघांना बघून जागच्या जागी थांबली.

टिल्लीने बूट तिच्या पायाशी ठेवला. टाटा केलं नाही. फाटकाच्या पायरीवर दोघांच्या मधे बसली, एक हात आईच्या गुडघ्यावर, एक बाबाच्या. "आई. बाबा."

"उद्या येशील?" बायकोने विचारलं.

"रोज येणार," तो म्हणाला. "रोज सहाला."