तीनशे तेरावी स्लाइड

वनखात्याच्या कचेरीत साहेबांचं काम नेहमी घोड्यावर बसूनच यायचं. "दीपाली, बाराला मीटिंग. कॅमेऱ्यातले सगळे फोटो स्लाइडवर पाहिजेत," एवढं सांगून ते चहाला निघून गेले. आलापल्लीच्या जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं आठवड्यापूर्वीच काढून आणलेली, पण आठवडाभर कुणाला त्यांची आठवण झाली नव्हती. फोटो तीनशे बारा. दीपालीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं मॅक्रो लिहून ठेवला होता. फोल्डर दाखवून बटण दाबलं, की एकेका स्लाइडवर एकेक फोटो आपोआप जाऊन बसायचा.

तिनं बटण दाबलं. स्लाइड झाल्या तीनशे तेरा.

शेवटच्या स्लाइडवर तिचा बाप होता, डोमा. टोपली बाजूला ठेवून वाकून मोहफुलं वेचत होता, आणि मागच्या झुडपात वाघ दबा धरून बसला होता. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे तिकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. फोटोखालच्या पट्टीवर तारीख आजची होती. वेळ अकरा चाळीस. आत्ता तर अकराच वाजले होते.

फोल्डरमध्ये फोटो तीनशे बाराच होते. तिनं ती स्लाइड पुसली, मॅक्रो पुन्हा चालवला. बाप पुन्हा आला. दीपालीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बापाचा नंबर लावला, तर फोन आईनं उचलला.

"माय, बाबा कुठी हाये?"

"मोहा वेचाले गेला ना. फोन इथीच इसरला. काऊन वं?"

"त्याले आत्ताच्या आत्ता घरी धाड. काही इचारू नोको, तूच जा!"

"बरं बाई, जातो."

त्यानंतरचा अर्धा तास तिनं खुर्चीत नुसती चुळबुळ करत काढला. फोन वाजला तेव्हा अकरा सदतीस झाले होते. पलीकडं डोमा होता.

"आलो मी घरी. काय झालं वं?"

दीपालीला रडूच फुटलं. "काही नाई, बाबा. माय कुठी हाये?"

"तिथीच हाये. अर्धी टोपली राह्यली होती. जनावरं खाऊन टाकतीन, तू हो पुढं, म्हने."

फोन कानाला तसाच धरून तिनं बटण दाबलं. तीच टोपली, तेच झुडूप, तोच वाघ. मोहाखाली आता आई वाकली होती.

"बाबा, मायकडे पळ!" ती किंचाळली. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.