बाबांनी कापलेली किंकाळी

नव्या चित्रपटात खून चार मिनिटं चालतो. ज्या जुन्या चित्रपटावरून तो काढलाय, त्यात खून दिसतच नाही. माणूस जिना चढतो, दार लागतं आणि अकरा सेकंद आपण त्या बंद दाराकडे बघत राहतो. आवाजसुद्धा नाही. त्या अकरा सेकंदांसाठी बाबा, म्हणजे जुन्या चित्रपटाचे संकलक, निर्मात्याशी तीन दिवस भांडले होते.

नव्याचा दिग्दर्शक एके काळी बाबांचा मदतनीस. फिल्मचे तुकडे जोडायचा, म्हणून बाबा त्याला चिकटपट्टी म्हणत. प्रदर्शनाआधीच्या खासगी खेळाला त्याने मला शेजारी बसवलं होतं. बाबांना जाऊन चार महिने झालेत. 'गुरूंच्या स्मृतीस' अशी पाटी आली तेव्हा माझे डोळे भरून आले.

मग ती किंकाळी आली. ओठ नव्या नटीचे, आवाज तिचा नव्हे. लहानपणी संकलनाच्या खोलीत तो मी एकदाच ऐकला होता; बाबांनी यंत्र बंद करून मला बाहेर काढलं होतं. जुन्याच्या चित्रीकरणात जिन्याचा कठडा तुटून मावशी खाली पडली, ती खरी किंकाळी. मावशी म्हणजे त्यातली नायिका, आईची मैत्रीण. त्यानंतर ती धड चालली नाही. बाबांनी तो तुकडा कापला आणि डब्यावर लिहिलं, 'हे कधीच वापरायचं नाही.' ते गेल्यावर सगळे डबे मी न बघताच या चिकटपट्टीला देऊन टाकले.

दिवे लागले. टाळ्या पडल्या.

"कसा वाटला, ताई?"

"तो आवाज मावशीचा आहे."

"ओळखलात! अस्सल माल. आजकालच्या पोरींना असं ओरडता येतं का?"

"डब्यावर बाबांचं अक्षर होतं. वाचता येतं ना तुला?"

"सरांचा काळ वेगळा होता. आणि डबे तुम्हीच दिलेत की."

खरं होतं. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काढून टाक."

"शुक्रवारी प्रदर्शन आहे, ताई! आणि कळणार कुणाला? मावशी काय थिएटरचा जिना चढून येणारेत?" तो हसला.

मी तिथेच मावशीला फोन लावला, 'चिकटपट्टीला तुझ्याशी बोलायचंय' म्हटलं, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "परवानगी माग."

"कोण? चिकटपट्टी?" पलीकडून मावशी खुशीत म्हणाली. "मोठा साहेब झालास म्हणे! अरे, मला दे की एखादं काम. बसून करता येईल असं बघ हं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने फोनवर हात धरला. "काढतो. पण त्यांना सांगू नका."

"आधी तिच्याशी नीट बोल," मी म्हटलं. "मग माझ्यासमोर स्टुडिओला फोन कर. तोवर मी इथून हलत नाही."

मावशी पलीकडून हॅलो, हॅलो करत होती. त्याने घसा खाकरला.